तीन इस्पिकवर काय बोलायचं?

भुसावळ, आखाजीचा दुसरा दिवस

दुपारच्या ब्रिजच्या एका बोर्डावरून, म्हणजे वाटलेल्या एका डावावरून, घरात अजून वाद चालू आहे, म्हणून झोपण्याआधी तो उतरवून ठेवते.

माझी पानं अशी: इस्पिकचा एक्का आणि छक्की, बदामचा राजा, राणी, गुलाम, अठ्ठी, पंजी, चौकटचा राजा, नव्वी, चव्वी, किलवरचा एक्का, दश्शी, तिर्री. 17 पॉइंट (एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक). आम्ही व्हल्नरेबल, म्हणजे बोनस आणि दंड दोन्ही मोठे; समोरचे नाहीत. मी मनात गेमचा, म्हणजे मोठा बोनस देणाऱ्या बोलीचा, हिशेब मांडतेय तोच उजवीकडून वकीलसाहेबांनी स्टॉपचं कार्ड (उडी मारून बोलतोय याची सूचना) ठेवलं आणि उघडलं ते थेट तीन इस्पिक, म्हणजे इस्पिक हुकूम धरून नऊ हात करायची बोली.

आखाजीला खान्देशात पत्ते निघाले नाहीत असं घर सापडणं कठीण. ओट्याओट्यावर तीन पत्ती बसते, झोक्यांवर गौराईची गाणी चालतात. माझ्या माहेरी मात्र खापराची पुरणपोळी आणि आमरस झाला की कूलरसमोर दोन टेबलं लागतात. ब्रिज. चार-चार जणांच्या दोन टीम, तेच बोर्ड दोन्ही टेबलांवर. तात्या मालगाडीवर गार्ड होते, ते रनिंग रूममध्ये, म्हणजे गाडीवरच्या लोकांच्या विश्रांतीच्या जागी, शिकले आणि त्यांनी मला शिकवलं. गल्लीला हा 'तात्यांचा इंग्रजी जुगार' वाटायचा. 2018 मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ डे सरकार यांनी पुरुषांच्या जोडीत सुवर्ण मिळवलं, वयं 60 आणि 56. ती बातमी तात्यांनी अख्ख्या गल्लीला वाचून दाखवली. तेव्हापासून जुगार म्हणायची कोणाची टाप नाही.

तर तीन इस्पिक. अर्थ सरळ आहे: सात इस्पिक, बाहेर फारसं काही नाही. आणि हेतूही सरळ, आम्हाला बोलायला जागा ठेवायची नाही. एक किलवरपासून तीन बदामापर्यंतच्या 13 बोल्या वकीलसाहेबांनी एका कार्डात गिळल्या. एरवी मी एक बदाम म्हटलं असतं, तात्यांनी काही उत्तर दिलं असतं, दोन-तीन फेऱ्यांत एकमेकांची पानं कळली असती. आता माझी एकच बोली, आणि ती चुकली तर मागे फिरायला वाट नाही.

स्टॉप पडलं की पुढच्याने साधारण 10 सेकंद थांबायचं, हातात काही असो वा नसो. माझ्या डावीकडे वकीलसाहेबांचे भिडू म्हणून बसलेल्या काकांना हे नाटक वाटतं. मला तो या खेळातला सर्वांत सभ्य नियम वाटतो. काही नसताना झटकन पास आणि काही असताना विचार, असं केलं तर भिडूला माझी पानं वाचूनच दाखवल्यासारखं होतं. आणि माझ्या अडखळण्यावरून काही ताडून बोलायला तात्यांना मनाई आहे. शिवाय मला तर ते 10 सेकंद खरोखरच हवे होते.

प्रीएम्प्टवर, म्हणजे अशा वाट अडवणाऱ्या उंच बोलीवर, बोलताना भिडूकडे काहीतरी आहे असं धरूनच चालावं लागतं. किती धरायचं, याचा हिशेब सोपा आहे. एकूण पॉइंट 40. माझे 17, वकीलसाहेबांना सहा-सात द्यायचे. उरले सोळा-सतरा, ते तात्या आणि काका यांच्यात वाटले जाणार. म्हणजे तात्यांकडे आठ धरायला हरकत नाही. सतरा आणि आठ, गेम आहे. पासचा प्रश्नच नव्हता.

मग डबल? तीनच्या प्रीएम्प्टवर डबल म्हणजे टेकआउट: तुमचा रंग सांगा. हातात इस्पिकचं एकच पान आणि चार बदाम असते तर चौदा पॉइंटांवरही मी डबल दिलं असतं. तात्यांची पहिली शिकवण तीच. ज्याच्याकडे समोरच्यांचा रंग तोकडा आहे त्याने तोंड उघडायचं, कारण त्याच रंगात दोन-तीन पानं घेऊन बसलेल्या भिडूला ते जमत नाही. पण इथे डबल दिलं की तात्या चार किलवर किंवा चार चौकट म्हणणार, आणि माझे पाच बदाम तसेच राहणार. त्यावर मी चार बदाम म्हटलं तर त्याचा अर्थ याहून दांडगी पानं असा होतो.

चार बदाम सरळ म्हणावं? पाचच पानं आहेत. या पातळीवर सहा असली की बरं वाटतं.

राहिलं तीन नोट्रंप, म्हणजे हुकुमाशिवाय नऊ हात. इस्पिकचा एकच स्टॉपर, म्हणजे तो रंग अडवणारं पान, तोही एक्का. पण एक्का एकदा राखून ठेवता येतो. काकांकडे इस्पिकची दोन पानं असली तर दुसऱ्या फेरीनंतर त्यांची संपतात, आणि मग वकीलसाहेबांची लांबलचक इस्पिकं त्यांच्याच हातात अडकतात. प्रीएम्प्ट करणाऱ्याची मेख इथेच आहे. बाहेर काही नाही म्हणूनच तो तीनला उघडतो, आणि बाहेर काही नाही म्हणूनच त्याला परत हात मिळत नाही.

तीन नोट्रंप म्हटलं. सगळे पास.

काकांची उतारी इस्पिकची अठ्ठी. डमीत, म्हणजे टेबलावर उघडी ठेवायची पानं, तात्यांनी मांडलं: इस्पिक सत्ती-तिर्री, बदाम नव्वी-दुर्री, चौकट एक्का, राणी आणि तीन बारकी, किलवर गुलाम आणि तीन बारकी. सात पॉइंट. पहिलं इस्पिक सोडलं, दुसऱ्याला एक्का घातला. मग बदामचा राजा. काकांनी एक्का घेतला आणि परत द्यायला त्यांच्याकडे इस्पिक नव्हतं. त्यांनी किलवरचा राजा टाकला, मी एक्का. बदामचे दोन, चौकटचे पाच, दोन एक्के. नऊ हात, 600.

दुसऱ्या टेबलावर हीच पानं माझ्या नवऱ्याकडे होती, तो काकांच्या टीममध्ये. तिथेही तीन इस्पिकच उघडलं गेलं आणि त्याने चार बदाम म्हटलं. काकांच्या जागी बसलेल्याकडे बदाम एक्का, दश्शी, सत्ती, छक्की. बदामचे दोन हात गेले, एक इस्पिक, एक किलवर. एक डाऊन, म्हणजे एक हात कमी, दंड 100. म्हणजे 700 चा फरक, 12 इम्प (टीमच्या सामन्यातले गुण) आमच्या टीमला.

काका म्हणाले, "काय भो, जावईबापू!" आणि आखाजीला जावयाला याहून जास्त बोलता येत नाही म्हणून गप्प बसले.

नवरा मात्र मान्य करत नाही, आणि त्याचा हिशेब हसण्यावारी नेता येत नाही. बाहेरचे आठ बदाम. वकीलसाहेबांची सात पानं इस्पिकातच गेली, त्यामुळे बदामांना त्यांच्याकडे जागा कमी, तात्यांकडे जास्त. सरासरी काढली तर तात्यांकडे तीनच्या किंचित वर बदाम येतात. "म्हणजे मला आठ हुकूम धरायचा हक्क होता," हे त्याचं पालुपद. खरं आहे. पण तीच सरासरी काकांनाही लागू होते. प्रीएम्प्ट झाला की उरलेले रंगही वेडेवाकडे पडतात, आणि लांब हुकूम नेमके काकांच्या बाजूला निघतात. शिवाय तिथे दहा हात लागतात, इथे नऊ. त्याची दुसरी बाजूही आहे: बदामचा एक्का वकीलसाहेबांकडे असता तर तो घेऊन त्यांनी पाच इस्पिकं मोजून घेतली असती, आणि मग माझ्या तीन नोट्रंपची अक्कल काढली गेली असती. पण एक्का असलेला माणूस तीनला उघडण्याची शक्यता कमी, म्हणून मी पुन्हा तेच बोलेन.

डबल ठेवून, त्यांना तीन इस्पिक खेळायला लावून मारायला हवं होतं, असं तात्यांचे एक मित्र जेवताना म्हणत होते. चारही हात मांडून पाहिले. तीन इस्पिक एकच डाऊन जातं. डबलचे 100 घेऊन 600 सोडायचे!

तात्यांशी आत्ता अंगणात बोलणं झालं ते वेगळ्याच मुद्द्यावर. वकीलसाहेबांनी चार इस्पिक उघडलं असतं तर? माझं म्हणणं, तिथे डबल म्हणजे पानं चांगली आहेत, वाटलं तर मारायला ठेवा. आणि चार नोट्रंप म्हणजे दोन रंग, त्यातला निवडा. तात्यांना चार नोट्रंप म्हटलं की एक्के विचारल्यासारखंच वाटतं. "बोली आधीच चारला गेली, तात्या, एक्के कशाला विचारता?" म्हटलं. ते म्हणाले, चार बदामवर तुझं चालेल, तिथे डबल दिलं की मी इस्पिक सांगेन. चार इस्पिकचं उद्या बोर्ड लावायच्या आधी कागदावर लिहून दे, तोंडी माझ्या लक्षात राहायचं नाही.