आमची वाटचाल : बोनेट उघडणारं गिऱ्हाईक

बाबांच्या उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याची खूण आहे. मे महिन्यातली दुपार, वर्धा रोडवर हीट होऊन थांबलेली गाडी आणि घाईत उघडलेलं रेडिएटरचं झाकण. बाबा तेव्हाही पक्के मिस्त्री होते, तरी घाई नडली. आमच्या गॅरेजमध्ये दर रविवारी गाडीमालकांचा वर्ग भरतो, त्याचा पहिला धडा त्या हातापासून सुरू होतो. बाबा बाही वर करतात आणि काही न बोलता सगळ्यांसमोरून एक चक्कर मारतात. मग मी बोलायला लागतो.

रेडिएटरमधलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून ते शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब जातो आणि त्याच क्षणी सगळं उकळून अंगावर येतं. तापमानाचा काटा लाल खुणेकडे सरकताना दिसला की एसी बंद करा, गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि निदान अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नका. थांबायला जागाच नसेल आणि शे-दोनशे मीटर पुढे जायचंच असेल, तर काचा खाली करून हीटर पूर्ण चालू करा. नागपूरच्या उन्हाळ्यात हीटर म्हटलं की लोक माझ्या तोंडाकडे बघत राहतात. पण गाडीतला हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच असतो. तो इंजिनाची उष्णता ओढून आत सोडतो, आणि तेवढाच इंजिनाला दिलासा मिळतो.

बाबांनी मानेवाडा रोडजवळ टिनाच्या शेडमध्ये हे गॅरेज सुरू केलं ते 1994 साली. त्याआधी कॉटन मार्केटच्या बाजूला एका उस्तादाच्या हाताखाली त्यांनी नऊ वर्षं काढली होती. तेव्हा अँबेसिडर, पद्मिनी आणि मारुती 800 यांचंच राज्य होतं. गाडी ठेवणारा माणूस गाडी जाणून असायचा. प्लग काढून पॉलिश पेपरनं घासणं, कार्बोरेटरचा जेट फुंकून साफ करणं, फॅन बेल्ट अंगठ्यानं दाबून बघणं हे डॉक्टर-वकीलसुद्धा करायचे. मग कार्बोरेटर जाऊन इंजेक्शनच्या गाड्या आल्या, इंजिनावर काळं प्लास्टिकचं कव्हर आलं आणि हळूहळू लोकांनी बोनेट उघडणंच सोडलं. मी आयटीआय करून काही वर्षं एका मोठ्या वर्कशॉपमध्ये काम केलं आणि 2009 मध्ये बाबांच्या हाताखाली आलो, तेव्हा येणारं गिऱ्हाईक चावी टेबलावर ठेवून एवढंच म्हणायचं, "भाऊ, गाडी आवाज करून राहिली, पाहून घ्या."

या वर्गाची कल्पना माझी नाही, हे आधीच सांगतो. ती अयोध्यानगरातल्या एका शिक्षिकाबाईंची. त्यांची गाडी सकाळी सेल्फ घेत नव्हती. दीड वर्षात दुसऱ्या एका ठिकाणी त्यांना दोनदा नवी बॅटरी बसवून दिली होती, आणि आता तिसरी सांगितली होती. मी बोनेट उघडलं. निगेटिव्ह टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी भुकटी चढली होती आणि क्लॅम्प बोटानं फिरत होता. बॅटरीच्या खांबांवर मीटर लावला, साडेबारा व्होल्ट. बारा पॉइंट सहाच्या आसपास म्हणजे भरलेली बॅटरी, तेव्हा बॅटरीत काही खोट नव्हती. तिचा करंट गाडीपर्यंत पोचत नव्हता आणि चालत्या गाडीत बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरचा तिच्यापर्यंत. आधी निगेटिव्ह काढला, मग पॉझिटिव्ह. गरम पाण्यात खायचा सोडा टाकून दोन्ही टर्मिनलांवर ओतला, तो फसफसला, जुन्या टूथब्रशनं घासलं, कोरडं करून पॉलिश पेपर मारला. मग आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह, दहा नंबरच्या पान्यानं घट्ट आवळले आणि वरून पेट्रोलियम जेली लावली. पहिल्याच सेल्फला गाडी चालू.

बाईंना आनंद होईल असं मला वाटलं होतं. त्या बराच वेळ त्या टूथब्रशकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, मी बावीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवते. आम्ल आणि सोड्याचा प्रयोग दर वर्षी करून दाखवते. हे मला जमणार नाही असं कोणाला वाटलं?"

मला उत्तर सुचलं नाही. पुढच्या रविवारी त्या शाळेतल्या आणखी तिघींना घेऊन आल्या. तोच पहिला वर्ग.

बाबांना हे अजिबात पटलं नव्हतं. "तू असं सगळं शिकवून राहिला, तर मंग गॅरेजमंदी येईन कोण?" त्यांची काळजी खोटी नव्हती. फ्यूज, वायपर, एअर फिल्टर, टर्मिनल या किरकोळ कामांवर आमचा रोजचा चहा-पाणी आणि पोरांचा पगार निघायचा. पहिली दोन वर्षं ती कामं खरोखर घटली. मी घरी हिशेबाची वही उघडायचं टाळायचो. पण त्याच काळात दुसरं काहीतरी घडत होतं. वर्गाला येऊन गेलेलं गिऱ्हाईक आता "गाडी आवाज करते" असं म्हणत नव्हतं. ते सांगायचं, "थंडीत पहिल्या दहा मिनिटांत, डावीकडे वळवताना, समोरच्या चाकातून कट-कट येते." एवढं कळलं की सीव्ही जॉइंट, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा, बघायचा हे गाडी आत घेण्याआधीच ठरतं. दोष शोधायलाच आमचा निम्मा वेळ जायचा, तो वाचू लागला. आणि ज्याला आपण काय बदललं, का बदललं हे दाखवतो, तो बिलावर घासाघीस करत नाही. क्लच प्लेट, सस्पेन्शन, टायमिंग बेल्ट अशी मोठी कामं त्या ओळखीतून आली. बाबांनी एक दिवस स्वतःच वर्गासाठी दहा प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये गॅरेज बंद, पण फोन चालूच होता. महिना-दीड महिना उभ्या गाड्यांच्या बॅटऱ्या बसल्या होत्या. दवाखान्यात जायचं आणि गाडी चालू होत नाही, अशा वेळी मी व्हिडिओ कॉलवर जंपर केबल, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीचा करंट घ्यायच्या वायरी, लावून घ्यायचो. लाल केबलचं एक टोक आधी बंद गाडीच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनावरच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. ते शेवटचं टोक लावताना ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून त्यांची गाठ पडू द्यायची नाही. एका काकूंनी तर केबल लावायच्या आधी बॅटरीची जागा मला दाखवली : उंदरांनी वायरिंगवर घर केलं होतं, खाली तुरीच्या शेंगांची टरफलं. तिथं केबल लावून गाडी चालू केली असती तर कुरतडलेल्या वायरी एकमेकींना टेकल्या असत्या. त्यांना वर्गात एकच सवय लावली होती, आधी बघा, मग हात लावा.

सगळ्यात मोठी परीक्षा झाली ती 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे. रात्री काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी लेआउटसह नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. पाचच्या सुमारास पहिला फोन आला. पाणी दारात होतं, गाडी सीटपर्यंत बुडालेली. मी एकच वाक्य बोललो आणि त्या दिवशी तेच किती वेळा बोललो याची गणती नाही : "सेल्फ मारू नका. चावीला हात लावू नका."

हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन खोलावं लागतं. पाणी ओसरल्यावर ज्यांनी निगेटिव्ह टर्मिनल काढून गाडी ओढत आणली, त्यांच्या गाड्यांचे प्लग काढून आम्ही इंजिन हातानं फिरवलं. प्लगच्या भोकांतून पिचकारीसारखं पाणी उडत होतं. डिपस्टिकवरचं ऑइल पाणी मिसळून दुधाच्या चहासारखं दिसत होतं. एअर फिल्टरचा डबा उलटा केला तर त्यातून गाळ आणि एक छोटी मासळी पडली. ऑइल दोनदा बदललं, कनेक्टर एकेक करून वाळवले, आणि त्यातली बहुतेक इंजिनं वाचली. एका घरात मात्र मुलानं "चालू होते का बघू" म्हणून चावी फिरवली होती. त्या गाडीचं बिल देताना त्याच्या वडिलांचा चेहरा मी विसरलेलो नाही. पावसाळ्यापूर्वीचा एक रविवार आता फक्त या एका गोष्टीसाठी राखून ठेवला आहे.

शिकवताना माझीही एक मोठी चूक झाली. एका रविवारी मी चाक काढून ब्रेक पॅड कसे झिजतात ते दाखवलं होतं. पुढच्या आठवड्यात वर्गातल्या एका तरुणानं घरी स्वतः पॅड बदलले. पॅड धरून ठेवणाऱ्या कॅलिपरचा एक बोल्ट त्यानं हातानंच आवळून सोडला होता. रिंग रोडवर ठक-ठक आवाज आला, वेग कमी होता म्हणून निभावलं. तो माझ्याकडे आला तेव्हा त्याला रागवायला मला जीभच उचलेना. दाखवलं मी होतं आणि याला हात लावायचा नाही हे ठणकावून सांगायचं मीच राहून गेलो होतो. त्या दिवसापासून भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय : ब्रेक, स्टिअरिंग, पेट्रोलची लाइन, एअरबॅगच्या पिवळ्या वायरी आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरणं, हे इथं कोणीही शिकणार नाही. आता इलेक्ट्रिक गाड्यांच्या जास्त व्होल्टेजच्या नारिंगी केबलही त्या यादीत आल्या आहेत. त्यांचं काम मी स्वतः अजून शिकतो आहे आणि येईपर्यंत त्या गाड्या घेत नाही.

समृद्धी महामार्ग डिसेंबर 2022 मध्ये नागपूर ते शिर्डी सुरू झाला, तसा टायरचा विषय वर्गात सगळ्यात लांब चालू लागला. आपल्याकडे एक समज पक्का बसलाय की उन्हाळ्यात हवा गरम होऊन फुगते, म्हणून थोडी कमीच ठेवावी. हे उलटं आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेरीत जास्त वाकते, वाकण्यानं तापते, आणि ताशी 120 च्या वेगात तास-तासभर पळताना तेच तापणं फाडून टाकतं. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावरचा आकडा पाळा, आणि हवा सकाळी टायर थंड असताना मोजा. टायरच्या बाजूला चार आकडी खूण असते. 2319 लिहिलं असेल तर तो 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी चांगली दिसते म्हणून आठ-नऊ वर्षांचे टायर घेऊन शिर्डीला निघालेली कुटुंबं मी वर्गातूनच परत पाठवली आहेत. वाईट वाटलं तरी पाठवली.

अलीकडे तरुण मंडळी गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं हजार-दीड हजाराचं स्कॅनर घेऊन येतात. घ्या, चांगली वस्तू आहे. फक्त कोड आला की लगेच पुसू नका आणि कोडमध्ये ज्याचं नाव आहे तोच भाग विकत आणू नका. पी 0171 आला तर तो एवढंच सांगतो की पेट्रोलच्या मानानं हवा जास्त जाते आहे. सेन्सर खराब आहे असं तो म्हणत नाही. कित्येकदा उन्हानं तडकलेला साठ रुपयांचा रबरी पाइप निघतो.

येत्या रविवारी स्टेपनीचा वर्ग आहे, नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायच्या आधीचा शेवटचा. सकाळी साडेसहाला या, ऊन चढायच्या आत आटपू. आपली स्वतःची गाडी आणा, कारण जॅक लावायची जागा प्रत्येक गाडीची वेगळी. सोबत पाण्याची बाटली आणि एक जुनं फडकं. नट आधी जमिनीवरच पाव फेरा सैल करायचे, मगच गाडी उचलायची, आणि बसवताना समोरासमोरचे आवळायचे. शेवटी बाबा प्रत्येक चाकाशी वाकून स्वतः पाना लावून बघतील. त्यांनी मान हलवल्याशिवाय कोणाचीही गाडी शेडबाहेर निघणार नाही.