दोघांच्या घरात तिसरं नाव

यवतमाळ जिल्ह्यात बचतगटांचं काम करताना मला सगळ्यात जास्त पळवलं ते ‘घर दोघांचे’ मोहिमेनं. रोमची आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधी ही संयुक्त राष्ट्रांची संस्था आणि आपलं महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, यांचा तेजस्विनी कार्यक्रम २००७ मध्ये राज्यात सुरू झाला. गट, बँकेचं कर्ज, शेळ्या हे त्यात होतंच. पण कर्ज बाईच्या नावावर, हप्ते बाईच्या मजुरीतून आणि त्या पैशातून उभं राहिलेलं घर नवऱ्याच्या नावावर, हे गावोगाव दिसायचं. ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदवहीत, म्हणजे नमुना ८ मध्ये, पती-पत्नी दोघांची नावं लावावीत, असा २००३ चा शासन निर्णय आहे. त्याच्याच आधारावर ही मोहीम उभी होती.

नमुना ८ ही कर आकारणीची नोंदवही आहे, मालकीचा अंतिम पुरावा नाही, हे मी प्रत्येक बैठकीत सांगायचे. तरी गावात त्या उताऱ्याला वजन असतं. ज्या बाईचं नाव उताऱ्यावर आहे तिला घराबाहेर काढताना माणूस थबकतो, हे मी पाहिलं आहे.

एका गावात असेच अर्ज भरून घेत होतो. कपाशीची वेचणी चालू होती, म्हणून बायांनी सकाळीच ग्रामपंचायतीत गर्दी केली होती. नवरे संमतीच्या अर्जावर सह्या करत होते. गटाच्या सचिवाचा नवरा मात्र पेन हातात धरून अडला. भाऊबंद काय म्हणतील, ही त्याची अडचण. मी काही बोलणार, एवढ्यात दाराशी बसलेली त्याची म्हातारी आई उठून टेबलापाशी आली.

“माहं नाव कुठं हाय यात?”

ग्रामसेवक म्हणाले, “आजी, हा नवरा-बायकोचा अर्ज आहे. तुमचं यात बसत नाही.”

“घर याच्या बापानं बांधलं. विटा म्या वाहल्या. बाप मेला तं याचं नाव लागलं. मले कोनी इचारलं काय?”

आम्ही नोंदवही काढून पाहिली. वडिलांच्या मृत्यूनंतर एकट्या मुलाचं नाव चढलेलं होतं. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा. मृत्युपत्र न करता माणूस गेला, तर त्यानं स्वतः बांधलेल्या घरात विधवा, मुलगे आणि मुली यांचा सारखा वाटा असतो. म्हणजे आजींचा होताच, शिवाय सासरी नांदणाऱ्या त्यांच्या मुलीचाही होता. हे मी वाचून दाखवलं तसा मुलाचा चेहरा उतरला. पण सगळ्यात जास्त भडकली ती सून, आणि तिचं म्हणणं खोटं नव्हतं. “स्लॅबचे हप्ते म्या फेडले ताई. आता माह्याच नावावर येऊन अडलं?”

“तुहं बी लाव,” आजी म्हणाल्या. “तुले कोन नाही म्हनते? पन माहं पुसून तुहं नको.”

आमच्या मोहिमेची एक मोठी उणीव आजींनी नेमकी दाखवली होती. जोडप्यांची नावं लागली की आमच्या प्रगती अहवालात आकडा वाढायचा. विधवा, परित्यक्ता, माहेरी परतलेली लेक यांच्यासाठी त्या तक्त्यात रकानाच नव्हता. २०१५ मध्ये जगातल्या देशांनी मान्य केलेल्या शाश्वत विकास उद्दिष्टांत ५-अ हे लक्ष्य आहे. त्यात स्त्रियांच्या मालमत्तेसोबत वारसाहक्काचाही स्पष्ट उल्लेख आहे. ज्या जिल्ह्यात शेतकरी आत्महत्येनंतर इतक्या बाया एकट्या उरल्या, तिथं वारसाचा प्रश्न मागे ठेवून समानता मोजताच येत नाही, असं माझं ठाम मत आहे. नवरा जिवंत असताना मिळालेल्या संमतीएवढीच तो गेल्यावर होणारी नोंद महत्त्वाची आहे, किंबहुना जास्तच. कारण तेव्हा तिच्या बाजूनं बोलायला घरात सहसा कुणी नसतं.

जोडनावाचा तो अर्ज आम्ही त्या दिवशी बाजूला ठेवला आणि आधी वारस नोंदीचे कागद तयार करायला घेतले. मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, सगळ्या वारसांच्या सह्या. लेक एसटीनं आली. तिच्याकडून हक्कसोडपत्र लिहून घ्या, असा सल्ला भावाला चहाच्या टपरीवरच मिळाला होता. आपल्याकडे भाऊबीजेच्या साडीवर बहिणीचा वाटा मिटवायची रीतच पडली आहे. तिनं सही करायला सरळ नकार दिला. “माहेर तुटलं तं?” असं कुणीतरी विचारलं, तेव्हा “आई हाय तवर कसं तुटन?” म्हणाली. भाऊ दोन दिवस तिच्याशी बोलला नाही, पण कागद अडवले नाहीत.

मासिक सभेत आई, मुलगा आणि मुलगी अशी वारस नोंद मंजूर झाली. तिघांच्या संमतीनं मग सुनेचं नावही चढलं. उतारा हातात आल्यावर तिनं आधी स्वतःचं नाव बोटानं शोधलं, मग सासूला चारही नावं वाचून दाखवली.

पुढच्या गावात अर्ज वाटण्याआधी आम्ही नोंदवहीतून मयत घरमालकांची यादी काढली आणि आधी त्या घरांमध्ये गेलो.