218 चा घोळ

पीएचडीच्या पहिल्या वर्षी सरांनी दिलेलं काम कागदावर अगदी सोपं होतं. आयोडोबेंझिन आणि थायोफिनॉल घ्यायचं, कार्बन-गंधक बंध जोडायचा, डायफिनाइल सल्फाइड मिळवायचं. आमचा नवा लिगँड (उत्प्रेरक धातूला धरून त्याचं काम सुधारणारा रेणू) तपासण्याआधी जुनी खात्रीची पद्धत हाताखालून जायला हवी, म्हणून क्वाँग आणि बुकवाल्ड या रसायनशास्त्रज्ञांची 2002 सालची, तांब्याचा उत्प्रेरक वापरणारी पद्धत घेतली: 5 मोल टक्के कॉपर आयोडाइड, पोटॅशियम कार्बोनेट, इथिलीन ग्लायकॉल, आयसोप्रोपेनॉलमध्ये 80 अंश. पॅलेडियम धातूनेही हे जमतं, मिगिता या रसायनशास्त्रज्ञाच्या गटाने 1980 मध्येच करून दाखवलंय. पण गंधक पॅलेडियमला असा चिकटतो की उत्प्रेरकच गारद व्हायची भीती. शिवाय किंमत! तांबं त्यामानाने गरिबाघरचं.

थायोफिनॉलच्या वासाबद्दल काय सांगू. भांडी रात्रभर ब्लीचमध्ये बुडवूनही शेजारच्या लॅबने दोनदा गॅसगळतीची तक्रार केली. त्यांचंही चुकलं नव्हतं. सिलिंडरच्या गॅसमध्ये वासासाठी घालतात तो मर्कॅप्टन थायोफिनॉलचाच भाऊबंद. घरी आई मला अंघोळीआधी स्वयंपाकघरात येऊ देत नसे.

रिअ‍ॅक्शन झाली. हेक्झेनमधल्या टीएलसीवर (मिश्रणातले पदार्थ वेगळे दाखवणारी पट्टी) वरती ठसठशीत ठिपका, शुद्ध करायच्या कॉलममधून पांढऱ्या सुया. रेणूचं वस्तुमान सांगणाऱ्या जीसी-एमएस यंत्रावर 218. हवं होतं 186. वरचे 32 म्हणजे दोन ऑक्सिजन, म्हणजे सल्फाइडचं सल्फोन होतंय, असं मी ठरवूनच टाकलं. पुढचे दोन महिने ते 'सल्फोन' थांबवण्यात गेले. तापमान उतरवलं, वेळ कमी केला, बेस बदलला. 218 काही हटेना.

ग्रुप मीटिंगमध्ये सर म्हणाले, "मेल्टिंग पॉइंट घेतलास का गं?"

एमएस्सीच्या प्रॅक्टिकलनंतर मी केशनळीला, म्हणजे वितळणबिंदू पाहायच्या बारीक काचनळीला, हात लावला नव्हता.

"आणि सल्फोनसारखं ध्रुवीय संयुग हेक्झेनमध्ये पट्टीवर इतकं वर पळेल?"

त्याच दुपारी नळी भरली. साठच्या आतच सुया ओघळल्या. सल्फोन 120 च्या पुढे वितळतं. हे डायफिनाइल डायसल्फाइड होतं. 32 म्हणजे दोन ऑक्सिजन, तसाच एक गंधकही! स्पेक्ट्रम तर पहिल्या दिवसापासून सांगत होता: 220 चा पीक 218 च्या जवळजवळ 10 टक्के. हा पीक मुख्यतः गंधकाच्या दोनने जड समस्थानिकाचा. गंधक एकच असता तर तो साधारण निम्मा दिसला असता. शिवाय 109 चा पीक, म्हणजे बरोबर मधोमध तुटलेला रेणू. मी फक्त सगळ्यात मोठा आकडा वाचला होता.

दोष हवेचा. तांबं, बेस आणि ऑक्सिजन एकत्र आले की थायोफिनॉलचे दोन रेणू एकमेकांनाच धरून बसतात. मी नायट्रोजनचा फुगा लावत होते खरी, पण आयसोप्रोपेनॉल थेट बाटलीतून ओतत होते. आता ते द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून, पंपाने हवा ओढून, पुन्हा वितळवून घेतलं, असं तीनदा. थायोफिनॉल सगळ्यात शेवटी, सेप्टममधून (रबरी बूच, सुईने टोचायचं).

या वेळी कॉलममधून तेल उतरलं. वाटलं, सॉल्व्हंट राहिलाय. सॉल्व्हंट उडवायच्या रोटावर तासभर फिरवलं तरी घट्ट होईना. होणार कसं, डायफिनाइल सल्फाइड द्रवच असतं. जीसी-एमएसला लावलं. 186.