पाटीवर न लिहिलेलं

रविवार, रात्री साडेअकरा

मामा नौपाड्याला आमच्याकडे आला की पिक्चर ठरलेलाच. युद्धाचा नको, असं आईने मला डोळ्यांनी खुणावलं. पण रिमोट मामाच्या हातात.

पहिला नवाच होता. कोपऱ्यात पाटी आली: १६+, हिंसा, शिवीगाळ, धूम्रपान. आईने धाकट्याला आत पिटाळलं. स्फोट, रक्त, तुटलेला पाय, सगळं झालं. मामा शेंगदाणे खात बघत होता. त्याचा स्वतःचा डावा पाय काश्मिरात सुरुंगावर गेलाय. तो उठला कुठे, तर जवानाची बायको दाराआड हुंदके देते, व्हायोलिन सुरू होतं आणि जवान छताच्या पंख्याकडे बघत राहतो, तिथे. "पाय गेला की यांना एकच सुचतं," म्हणाला आणि चहा टाकायला गेला.

याची सूचना कुठल्याच पाटीवर नसते. २०२१च्या नियमांनी ओटीटीवर वयोगट आणि कारण लिहिणं सक्तीचं झालं, थिएटरच्या 'यूए' (मुलांनी पालकांच्या देखरेखीखाली बघायच्या) प्रमाणपत्राचेही आता ७, १३, १६ असे भाग पडलेत. हिशोब सगळा रक्ताचा, शिव्यांचा, कपड्यांचा. जुलै २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपंगांच्या साचेबद्ध चित्रणावर बोट ठेवलं होतं. पटकथावाल्यांपर्यंत ते पोचलेलं दिसत नाही. मामाचा राग मेडलवाल्या शेवटांवरही तेवढाच. युद्धात जखमी झालेल्या मुरलीकांत पेटकरांसारखा एखादा जवान १९७२मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकला जाऊन पोहण्यात सुवर्ण आणतो. बाकीचे, मामाच्या भाषेत, सोसायटीच्या मीटिंगला जातात.

मग मी 'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज' लावला, १९४६चा. त्यातला हॅरॉल्ड रसेल नट नव्हताच. १९४४मध्ये सैन्यात प्रशिक्षण देताना स्फोटात त्याचे दोन्ही हात गेले. या एकाच भूमिकेसाठी त्याला दोन ऑस्कर मिळाली. सिनेमात एका रात्री तो प्रेयसीला खोलीत बोलावतो, हातांच्या जागी लावलेल्या हुकांचे पट्टे खांद्यावरून उतरवून पलंगावर टाकतो आणि सांगतो, आता हे मला एकट्याला परत घालता येणार नाहीत, वाऱ्याने दार लागलं तर उघडताही येणार नाही. ती त्याच्या पायजम्याच्या सदऱ्याची बटणं लावते. बस्स. रक्ताचा थेंब नाही.

मामाने तेवढाच तुकडा मागे घेऊन पुन्हा लावला. मग आपणहूनच बोलायला लागला. रात्री बाथरूमला जायचं तर उरलेल्या पायावर मोजा चढवून कृत्रिम पाय लावायचा, की भिंत धरत एका पायावर जायचं? पावसाळ्यात मोजा घामाने ओला होतो, गुडघ्याखाली कातडी सोलवटते, पावडर टिकत नाही. नसलेल्या अंगठ्याला अजून खाज सुटते. मामी सुरुवातीला रोज उठायची. नंतर त्यानेच तिला दटावून झोपवलं. एवढ्या वर्षांत हे आम्ही कुणी विचारलं नव्हतं. आईसुद्धा दुसरा चहा घेऊन ऐकत बसली.

आता म्हणतोय, उद्या धाकट्याला तो प्रसंग दाखवतो. आई म्हणाली, आधी गणिताचा पेपर होऊ दे.