रात्री एक वाजता काय होतं?

फोनवर ताईंनी राउटरचा विषयही काढला नाही. "बाबांचा कॅमेरा रात्री बंद पडतो," एवढंच म्हणाल्या. वडील अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले, मागच्या खोलीत. ताई पुढच्या खोलीत झोपतात, उशाशी फोन. वडिलांनी हालचाल केली की फोन वाजायला हवा. एका रात्री ते पलंगावरून खाली आले आणि ताईंना कळलं पहाटे पाचला. कॅमेऱ्याचं चित्र तेव्हा फिरत्या चक्रावर अडकलेलं होतं.

घरोघरी वायफाय बसवणं आणि दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम. बहुतेक तक्रारी अर्ध्या तासात सुटतात. ही मला दोनदा जाऊन सोडवावी लागली, आणि पहिल्या खेपेला मी चुकलो.

पहिल्या दिवशी पाहिलं तर टीव्हीमागे सहा अँटेनांचा राउटर, कपाटात आधीचे दोन. ताईंनी वर्षभरात तीन राउटर बदलले होते, दर वेळी आधीच्यापेक्षा मोठा आकडा छापलेला. घरचं वायफाय बहुतेक दोन रेडिओ पट्ट्यांवर चालतं, 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ, आणि प्रत्येक पट्टा चॅनलमध्ये वाटलेला असतो. मी 2.4 चा चॅनल तपासला. शेजारच्या सात-आठ घरांची गर्दी, त्यात या राउटरच्या चॅनलची रुंदी 40 मेगाहर्ट्झ ठेवलेली. मी ती 20 केली आणि चॅनल 6 वरून 11 वर नेला. या पट्ट्यात 1, 6 आणि 11 हे तीनच चॅनल एकमेकांच्या अंगावर न येता चालतात, म्हणून आम्ही त्यांच्यातच फिरतो. कॅमेऱ्याचा सिग्नल उणे 70 डीबीएम दिसत होता; हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. दोन भिंती ओलांडून येणाऱ्या छोट्या कॅमेऱ्याला चालून जाईल असा आकडा. झालं काम, असं समजून मी निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंचा फोन. आवाज थकलेला. "दादा, काल रात्री पुन्हा तेच."

मी विचारलं, "बंद पडल्यावर तुम्ही काय करता?"

"राउटर बंद करून चालू करते."

इथेच पुरावा नाहीसा होत होता. घरगुती राउटर आपली नोंदवही बहुधा तात्पुरत्या मेमरीत ठेवतो, वीज गेली की ती कोरी होते. मी त्यांना विनंती केली, आजची आणि उद्याची रात्र राउटरला हात लावू नका, त्या दोन रात्री मुलाला आजोबांच्या खोलीत झोपवा. अवघड मागणी होती. त्यांनी ऐकलं.

चौथ्या दिवशी नोंदी उघडल्या. कॅमेरा पहिल्या रात्री 1 वाजून 2 मिनिटांनी तुटला, मग जोडला, तुटला, जोडला, आणि 2:41 नंतर शांत. दुसऱ्या रात्री 1:02 ते 2:38. मी त्या दोन ओळींकडे बघत बसलो. एकच्या ठोक्याला सुरू होणारी गोष्ट कुणीतरी लावून ठेवलेली असते. शेजाऱ्यांची गर्दी अशी घड्याळ बघून येत नाही.

"तुमच्या घरात रात्री एक वाजता काय होतं?"

ताई म्हणाल्या, काहीच नाही, सगळे झोपलेले असतात. मुलगा दारात उभा होता. जरा वेळाने म्हणाला, "माझ्या लॅपटॉपचा बॅकअप एकला लागतो. पण तो इंटरनेट वापरत नाही, त्या हार्ड डिस्कवर जातो."

हार्ड डिस्क राउटरला चिकटून उभी होती, मागच्या अँटेनेला टेकलेली. वीतभर वायर राउटरच्या यूएसबी पोर्टमध्ये. मी वायर काढून पोर्टच्या आत पाहिलं, जीभ निळी होती. निळी म्हणजे यूएसबी 3.0. आणि डिस्क कधी आणली? वर्षापूर्वी. कॅमेरा कधीपासून त्रास देतोय? साधारण तेव्हापासूनच. प्रत्येक नवा राउटर आला की ही डिस्क त्याच्या शेजारी जाऊन उभी राहत होती.

यूएसबी 3.0 सेकंदाला 5 गिगाबिट या वेगाने चालतं, आणि त्या वेगाच्या देवाणघेवाणीतून निघणारा विद्युत गोंगाट 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर पसरतो. इंटेलने 2012 मध्ये याबद्दल सविस्तर लिहिलेलं आहे. मी ते वाचलेलं होतं आणि तरी पहिल्या दिवशी ती डिस्क माझ्या नजरेतून सुटली, याचं मला आजही वाईट वाटतं. त्या दोन रात्री वाचल्या असत्या.

नुसतं पटून भागत नाही, दाखवावं लागतं. मी माझा लॅपटॉप वायरने राउटरला जोडला आणि कॅमेऱ्याला पिंग लावला, म्हणजे सारखी हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते मोजायला लागलो. 4 मिलिसेकंद, 5, 4, 4. मुलाला म्हटलं, बॅकअप आत्ता हाताने सुरू कर. डिस्कचा दिवा लुकलुकायला लागला. पडद्यावर 180 आलं, मग 900, मग उत्तरच येईना. ताईंच्या फोनवर आजोबांचा हात अर्धा उचललेला तसाच थांबला. मी डिस्कची वायर ओढली. अर्ध्या मिनिटात कॅमेरा परत जोडला गेला आणि हात चादरीवर टेकलेला दिसला. दोनदा तसंच करून पाहिलं, दोन्ही वेळा तेच.

मुलगा म्हणाला, "पण माझा फोन तर नीट चालतो, रेंज पण पूर्ण आहे." त्याचा फोन 5 गिगाहर्ट्झवर होता, तो गोंगाट तिथे पोचतच नव्हता. कॅमेऱ्याला मात्र 2.4 सोडून दुसरा पट्टा येत नाही. शिवाय गोंगाट राउटरच्या कानाशी होता. कॅमेऱ्याला राउटर ऐकू येत होता, राउटरला कॅमेरा ऐकू येत नव्हता. मिक्सर चालू असताना बाहेरून कुणी हाक मारली तर हाक मारणाऱ्याचा आवाज लहान झालेला नसतो, तसंच ते. म्हणून माझा उणे 70 चा आकडा पहिल्या दिवशीही ठीक दिसला. तो आकडा फक्त हाकेचा होता.

दुरुस्ती साधी होती. या राउटरच्या सेटिंगमध्ये यूएसबी पोर्ट 2.0 वर चालवायची सोय होती, ती लावली. चांगलं शिल्डिंग (गोंगाट अडवणारं धातूचं वेष्टण) असलेली मीटरभर वायर जोडून डिस्क खालच्या कप्प्यात ठेवली. राउटर टीव्हीमागून काढून मधल्या बोळातल्या कपाटावर, उघड्यावर ठेवला. कॅमेरा उणे 63 वर आला.

मग ताईंनी विचारलं, "तीनपैकी कुठला घ्यायला हवा होता?"

मी त्यांना नव्या राउटरचा खोका दाखवला. एएक्स 3000. ही दोन्ही पट्ट्यांच्या वेगांची गोळाबेरीज आहे, 2.4 चे 574 मेगाबिट आणि 5 चे 2402. त्यांच्या कॅमेऱ्याला एकच अँटेना, तो फार तर 72 मेगाबिटने बोलतो. त्याच्यासाठी पहिला राउटरसुद्धा पुरला असता. तरी पहिल्यावर परत जा असं मी सांगितलं नाही. त्याला सुरक्षा अपडेट येणं थांबलं होतं, आणि ज्या घरात आजारी माणसावर कॅमेरा लावलेला आहे तिथे असा राउटर ठेवू नये असं माझं ठाम मत आहे. नवा घेताना मी आधी हेच बघतो, अपडेट किती वर्षं मिळणार. वेगाचा आकडा त्यानंतर. निघण्याआधी राउटरचा मूळ पासवर्ड बदलला, तो तिसऱ्या राउटरवरही कारखान्यातून आलेलाच होता.

संध्याकाळी मुलाला सांगून ठेवलं, बॅकअप बंद करू नकोस. एकलाच लागू दे.

सकाळी सात वाजता ताईंनी नोंदवहीचा फोटो पाठवला. बॅकअप 1 वाजता सुरू होऊन 3:20 ला संपला होता, आधीपेक्षा वेळ जास्त लागला. कॅमेऱ्याच्या नावापुढे रात्रभरात एकच ओळ होती. 3 वाजून 12 मिनिटं, आयपी पत्त्याचं, म्हणजे नेटवर्कवरच्या पत्त्याचं, नेहमीचं नूतनीकरण.