कंट्रोल एस मार आधी!

2006चा उन्हाळा. बारावीची परीक्षा देऊन मी तालुक्याच्या गावी एका डीटीपीच्या दुकानात बसायला लागलो होतो. लग्नसराई आणि लोडशेडिंग यांचा मोसम एकच, त्यामुळे पत्रिका टाइप करायच्या त्या घड्याळाकडे बघत. लोडशेडिंगचं वेळापत्रक भिंतीला चिकटवलेलं होतं, पण लाईटने ते वाचलेलं नसावं.

टेबलाखाली, पायाशी, धुळीने माखलेला 600 व्हीएचा यूपीएस, म्हणजे लाईट गेली की कॉम्प्युटर बॅटरीवर चालू ठेवणारा डबा. लाईट गेली की डोक्यावरचा पंखा मंदावायचा, समोरच्या रसवंतीची घुंगरं गप्प व्हायची, पायाशी 'टक्' व्हायचं आणि मग सुरू व्हायचं ते टूँ... टूँ... टूँ. गल्ल्यावरून मालक, म्हणजे अण्णा, ओरडायचे, "पोरा, कंट्रोल एस मार आधी!" म्हणजे, टाइप केलेलं आधी सेव्ह कर.

त्या 'टक्'चं मला अजून कौतुक आहे. लाईट गेल्याचं ओळखून बॅटरीवर जायला असल्या साध्या यूपीएसला साधारण 5 ते 10 मिलिसेकंद लागतात. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 हेलकावे घेते, म्हणजे एक हेलकावा 20 मिलिसेकंदांचा. त्याच्या अर्ध्यातच मामला आटोपतो. तेवढा वेळ कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमधले, म्हणजे त्याला आतून वीज पुरवणाऱ्या भागातले, कपॅसिटर साठवलेल्या विजेवर दम धरून असतात. ते नसते, तर सेव्ह न केलेला मजकूर 'टक्'च्या आतच गेला असता, कारण तो असतो रॅममध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या स्मृतीत, आणि वीज गेली की रॅमची पाटी कोरी.

आत 12 व्होल्टची, 7 अँपिअर-अवरची एक बॅटरी. त्या काळच्या डबा मॉनिटरसकट कॉम्प्युटर तिच्यावर फार तर दहा-पंधरा मिनिटं चालायचा. ती मिनिटं काम करायला नसून आवरायला असतात, हे गिऱ्हाइकाला पटायचं नाही. "चालू आहे ना? मग करा की!"

एकदा मीही तसाच वागलो. 600 व्हीए म्हणजे 600 वॅट नव्हेत, आमच्या यूपीएसला जेमतेम 360 वॅट झेपायचे, हे तेव्हा कुणाला ठाऊक! लेझर प्रिंटरची पिन भिंतीपर्यंत पुरेना, म्हणून यूपीएसच्याच मागे खोचली. प्रिंटरला शाईची पूड कागदावर पक्की करायला हीटर तापवावा लागतो, आणि तो एकदम शेकड्यांनी वॅट ओढतो. लाईट गेलेली, गिऱ्हाईक घाईत. मी प्रिंट दिली. यूपीएसने एक लांब किंकाळी फोडली आणि सगळं बंद. त्यात गेली ती निमंत्रकांची यादी, दोन रकान्यांत ठासून बसवलेली. लाईट आल्यावर आठवून आठवून पुन्हा टाइप केली. एक चुलते राहिले. पत्रिका छापून वाटल्यावर कळलं, आणि ते लग्नाला आले नाहीत. वधूपित्याने अण्णांना जे ऐकवलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्या बॅटऱ्यांचे हालही कुत्रा खात नव्हता. पुरती भरायला सहा-आठ तास लागायचे, आणि तेवढी सलग लाईट होती कुठे! अर्धपोटी राहून आणि पत्र्याखालच्या उन्हाने दीड-दोन वर्षांत फुगायच्या. मग भंगारवाला शिशाच्या भावाने न्यायचा.

लॅपटॉप आला तेव्हा वाटलं, ही कटकट संपली. मग 12 ऑक्टोबर 2020ला सकाळी मुंबई-ठाण्याची लाईट गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. माझ्या लॅपटॉपची बॅटरी शंभर टक्के, पण राउटर मेलेला. ऑफिसच्या मीटिंगमधून मी अर्ध्या वाक्यात गायब.

दुसऱ्याच आठवड्यात राउटरसाठी वहीएवढा मिनी यूपीएस घेतला. 12 व्होल्टचा, राउटरला दोन-तीन तास आरामात पुरतो. एकच खोट, तो बोलत नाही. 'टक्' नाही, टूँ नाही. परवा एसी लावून दार बंद करून लिहीत बसलो होतो. बराच वेळ. बायकोने दार उघडलं.

"अहो, घामाघूम झालात की! अर्धा तास झाला लाईट जाऊन."