सुकवलेली सफरचंदं

मी अमेरिकेत काम करते त्या वृद्धनिवासात दर सोमवारी सगळ्यांची वजनं होतात. एका महिन्यात ५ टक्क्यांहून जास्त वजन उतरलं, की त्या माणसाचं जेवण, औषधं, दात, मन, सगळं पुन्हा तपासायचं असा शिरस्ता आहे. मागच्या ऑक्टोबरातल्या एका सोमवारी त्या यादीत आजींचं नाव आलं. ५२ किलोंवरून ४९.

त्यांना मी समोर 'मिस' आणि पुढे त्यांचं पाळण्यातलं नाव अशी हाक मारायचे, इकडची तीच पद्धत. इथे मात्र आजीच लिहिते, आणि त्यांची ओळख पटेल असं काही लिहीत नाही. वय नव्वदीकडे झुकलेलं, हृदय कमकुवत. अशा माणसाचं उतरलेलं वजन फसवंही असतं. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी अंगात साठलेलं पाणी गेलं, तरी काटा खाली येतो. पण आजींच्या दंडाला हात लावला की कळत होतं, हे नुसतं पाणी नव्हे. त्यांचं ताट जवळजवळ तसंच परत यायचं. किती जेवण पोटात गेलं याचा आमच्याकडे तक्ता असतो, शंभरपैकी. त्यांच्या रकान्यात दहा दिवस २५ च्या वर काही नव्हतं.

मी राहते जॉर्जिया राज्याच्या उत्तर टोकाला, एलिजे गावाजवळ. अटलांटाहून दीडेक तासावर ॲपलाचियन डोंगरांची ही दक्षिणेकडची रांग. गिल्मर काउंटीला जॉर्जियाची सफरचंदांची राजधानीच म्हणतात. ऑक्टोबरात इथे सफरचंदांचा उत्सव भरतो, बागांबाहेर गाड्यांच्या रांगा लागतात, आणि अटलांटाची मराठी कुटुंबंही मुलाबाळांना घेऊन सफरचंदं तोडायला येतात. त्या दिवसांत रस्त्याकडेच्या प्रत्येक दुकानात मिळते ती फ्राइड पाई. मैद्याची गोल पारी, आत शिजवलेलं सफरचंद, दुमडून अर्धचंद्र आणि तेलात तळलेली. सातारचं माहेर असलेल्या मला ती पहिल्यांदा दिसली तेव्हा तोंडून निघालं, "अगं बाई, करंजी!"

सोमवारी दुपारी आजींच्या खोलीत जाऊन बसले. काय खावंसं वाटतं, असं विचारलं. बराच वेळ त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "फ्राइड पाई. सफरचंदाची. दुकानातली नको."

मी हो म्हटलं नाही. आमच्या स्वयंपाकघरात तळणीचं यंत्र नाही, ही अडचण लहान. हृदय नीट काम करत नसलं की पोटाच्या अवयवांतही रक्त तुंबतं, भूक मरते, दोन घासांत पोट भरल्यासारखं होतं. त्यात तेलकट पदार्थ पोटात जास्त वेळ रेंगाळतो. महिन्यापूर्वी मुलीने आणलेलं तळलेलं चिकन आजींना सोसलं नव्हतं, रात्रभर मळमळत होतं. त्यांना हवं होतं ते आपण मराठीत म्हणतो तसं, पचायला हलकं. कमी कॅलरींचं नव्हे. कॅलरी तर त्यांना हव्याच होत्या.

मंगळवारी आमच्या मुख्य स्वयंपाकीणबाईंकडून त्यांची घरची कृती लिहून घेतली. त्या याच डोंगरातल्या, साठीच्या. कृतीत पहिलीच ओळ होती, सेल्फ-रायझिंग पीठ अडीच कप. या पिठात बेकिंग पावडर आणि मीठ आधीच मिसळलेलं असतं. एका कपात हजार मिलिग्रॅमच्या वर सोडियम. बारा पाई केल्या तर एकीत दोनशेच्या वर, आणि ताकातलं मीठ वेगळं. आजींना दिवसाला २,००० ची मर्यादा. मी सगळा विचार तेलाचा करत बसले होते, आणि खरा धोका पिठाच्या पिशवीत होता. हे सांगायलाच हवं, कारण घरी 'हेल्दी' पदार्थ करताना आपण तेल मोजतो आणि मिठाकडे बघतही नाही. साधं पीठ घेतलं की तो प्रश्न तिथेच मिटला.

बुधवारी सकाळी सहाला आम्ही दोघी भट्टीसमोर उभ्या राहिलो. लोणी निम्म्याहून कमी केलं होतं, कारण हलकं करायचं तर स्निग्ध पदार्थ कमी, एवढंच माझ्या डोक्यात. आत ताज्या सफरचंदाच्या फोडी, साखर आणि सढळ हाताने दालचिनी. २५ मिनिटांनी ट्रे बाहेर काढला. पाई वरून पांढुरक्या, खालून ओल्या. निम्म्यांच्या कडा उकलून रस ट्रेवर करपला होता. एक मोडून पाहिली तर पुठ्ठा.

बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त ट्रे कचऱ्याच्या डब्याकडे नेला, आणि मला त्यांच्या पाठीकडे बघून वाईट वाटलं.

कारण मला हे माहीत होतं. मोहन कमी पडलं की करंजी दगड होते, हे मी दहा वर्षांची असताना आईच्या शेजारी बसून पाहिलेलं. पिठाच्या कणांना तुपाचं अस्तर लागलं की पाण्याबरोबर जुळून येणारा चिवटपणा अडतो, म्हणून ती खुसखुशीत होते. तळताना बाहेरचं तेल थोडं सांभाळून घेतं. भट्टीत बाहेरून काहीच मिळत नाही. जे आहे ते पिठातच हवं. आजींना पीठातल्या लोण्याने त्रास होणार नव्हता, त्यांना नको होतं ते वरून प्यायलं जाणारं तेल. तळलेला पदार्थ कढईत असतो तोवर आतली वाफ जोराने बाहेर पडत असते, तेलाला आत फारसा वाव नसतो. बाहेर काढल्यावर वाफ थंडावते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. एका पाईमागे मोठा चमचाभर तेल सहज जातं, म्हणजे जवळजवळ १२० कॅलरी, आणि त्याची चव म्हणावी तशी लागतही नाही.

नऊ वाजता मी फसलेल्यांपैकी एक पाई बशीत घेऊन आजींकडे गेले. दाखवायचं नव्हतं खरं तर. पण विचारायला दुसरं कोणी नव्हतं.

त्यांनी ती हातात घेतली, उलटी केली, कडेला वास घेतला. "ओलं सफरचंद घातलंस," म्हणाल्या.

"हो."

"फ्राइड पाईत ओलं सफरचंद घालत नाहीत, पोरी."

आणि मग त्या बोलायला लागल्या. मी तिथे आल्यापासून त्यांना सलग इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. सप्टेंबरात सफरचंदं सोलून त्याच्या चकत्या करायच्या. जुनं पांढरं पांघरूण धुऊन त्यात त्या पसरायच्या आणि पडवीच्या पत्र्यावर चढवायच्या. पत्र्यावर चढायचं काम त्यांचं, कारण भावंडांत त्या सगळ्यांत हलक्या. संध्याकाळी दव पडायच्या आत सगळं खाली, सकाळी पुन्हा वर. चार-पाच दिवसांनी चकत्या तपकिरी, चामड्यासारख्या चिवट व्हायच्या. पावसाळी हवा असली तर दोऱ्यात ओवून चुलीमागे टांगायच्या. हिवाळाभर त्याच. थंडी पडली की डुक्कर मारलं जायचं, त्याची चरबी कढवून डबा भरायचा, आणि त्यातल्याच चरबीत लोखंडी तव्यावर पाई तळायच्या. वडील लाकूड तोडायला जाताना जेवणाच्या डब्यात दोन न्यायचे. "आणि साखर नव्हती. सॉर्गम होतं."

सॉर्गम म्हणजे गोड धाटाच्या ज्वारीचा रस आटवून केलेला पाक. आपल्या ज्वारीचंच भावंड. इथून तासाभराच्या अंतरावर ब्लेअर्सव्हिलला त्याचा उत्सव भरतो. चवीला थेट काकवी, जरा जास्त आंबूस. माझ्या घरी बरणी असते, भाकरीबरोबर खाते.

मला आईचं वाक्य आठवलं. ओल्या नारळाच्या करंज्या आजच्या आज संपवायच्या, डब्यात भरायच्या त्या सुक्या खोबऱ्याच्या. सारणात पाणी असलं की पारी मऊ पडणार. ताज्या सफरचंदात शंभर ग्रॅममागे पंचाऐंशीच्या आसपास पाणीच असतं. ते भट्टीत उकळतं, वाफ होतं, कडा फोडून बाहेर येतं. सुकवलेल्यात पाणी किती घालायचं ते आपल्या हातात. आणि चव आटून दाट झालेली असते, म्हणून साखरही थोडी पुरते.

घरी वाळवलेली सफरचंदं आमच्या स्वयंपाकघरात चालत नाहीत, माल परवानाधारक दुकानातूनच यावा लागतो. बाई स्वतः गाडी काढून जवळच्या बागेच्या दुकानात गेल्या. दोन प्रकार होते. गंधकाची धुरी दिलेली, फिकट पिवळी, देखणी. आणि तशीच वाळवलेली, तपकिरी. त्यांनी न विचारता तपकिरी आणली.

दुपारी साडेबाराला जेवणघरातल्या एका टेबलावर आम्ही पीठ, लाटणं, वाटी मांडली. स्वयंपाकघरात इथल्या रहिवाशांना येता येत नाही, म्हणून स्वयंपाकघरच अर्धं बाहेर आणलं. आजींची चाकांची खुर्ची टेबलाच्या डोक्याशी.

पीठ ३०० ग्रॅम, अमेरिकेच्या दक्षिणेत बिस्किटांसाठी वापरतात ते मऊ गव्हाचं, कमी प्रथिनांचं. आपल्याकडचा साधा मैदा चालेल, मळायचा मात्र नाही. बिनमिठाचं थंडगार लोणी ९० ग्रॅम, वाटाण्याएवढे तुकडे राहतील इतकंच चुरलेलं. घट्ट दही १२० ग्रॅम. चिमूटभर सोडा. गोळा जेमतेम जुळला की फडक्याखाली झाकून अर्धा तास फ्रिजमध्ये. १७५ ग्रॅम सुकी सफरचंदं बुडतील एवढ्या पाण्यात चाळीस मिनिटं मंद शिजवून घोटली, त्यात चार चमचे सॉर्गम. आणि अर्धा चमचा दालचिनी. ती मी घातली, कोणी सांगितलं नव्हतं.

कडा मी मुरड घालून बंद करायला गेले. हात आपोआपच वळतो. पण थंड लोण्याचं हे पीठ मुरडीला तुटतं, आणि जिथे नाही तुटलं तिथे कड जाड होऊन भाजताना कच्ची राहते. आजींनी हात पुढे केला. काट्याचे दात पिठात बुडवून त्यांनी एकेक कड दाबली, अर्ध्या सेंटिमीटरवर एक ठसा, सगळीकडे सारखा. संधिवाताने बोटं वाकडी झालेली. बारापैकी आठ त्यांनीच केल्या, मग हात मांडीवर ठेवले.

भट्टीत एक लोखंडी ट्रे रिकामाच तापत ठेवला होता. सकाळी खालची बाजू ओली राहिली ती गार ट्रेमुळे. तव्यावर पाई पडते तेव्हा खालून लगेच आच लागते, ती आच कुठून तरी द्यायलाच हवी. पाईंना वरून दुधाचा हात, तीन चिरा, आणि कागदासकट उचलून तापल्या ट्रेवर. २०० अंश सेल्सिअस, चोवीस मिनिटं.

भाजत असताना बाईंनी एक गोष्ट सांगितली. मॅकडॉनल्ड्सची ॲपल पाईही पूर्वी तळलेलीच असायची. १९६८ पासून ती अमेरिकाभर मिळू लागली, आणि ती आणणारा फ्रँचायझीवाला पलीकडच्या टेनेसीतल्या नॉक्सव्हिलचा, म्हणजे याच डोंगराळ मुलुखाचा. १९९२ मध्ये कंपनीने ती भाजायला सुरुवात केली. "मी अजून विसरले नाही," बाई म्हणाल्या. भाजलेल्या पाईवर त्यांचा विश्वास का नव्हता ते मला तेव्हा कळलं, आणि तरीही त्या सकाळी सहाला माझ्याबरोबर उभ्या होत्या.

बाहेर आल्या त्या बदामी रंगाच्या, एकही उकललेली नाही. मोडली तर आधी बारीक आवाज आणि मग थर. एकीत साधारण २०० कॅलरी, लोण्याचे सहा ग्रॅम स्निग्ध, सोडियम नावापुरतं. तळलेलीचा जो बुडबुड्यांनी फुगलेला, खरबरीत पापुद्रा असतो तो नव्हता. तो भट्टीत येत नाही, येईल असं कोणी सांगितलं तर मी मानणार नाही. एअर फ्रायरही शेवटी लहान भट्टीच, फक्त वारा जोराचा.

आजींनी थंड होईपर्यंत वाट पाहिली. मग टोकापासून सुरुवात केली, कडेकडेने, लहान मुलं खातात तशी. पहिली संपली. दुसरी उचलून अर्धी खाल्ली, उरलेली शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांच्या बशीत ठेवली. आम्ही कोणी बोललो नाही. परिचारिकेने तक्ता काढला आणि त्या दुपारच्या रकान्यात १०० लिहिलं.

"ही फ्राइड पाई नाही," आजी म्हणाल्या.

"नाही," मी म्हटलं.

"पण सफरचंद बरोबर आहे." बोटाला लागलेला चुरा त्यांनी जिभेने टिपला. "दालचिनी कशाला घातलीस?"

"सफरचंदात घालतात म्हणून."

"आमच्या घरी दालचिनी नव्हती. या सफरचंदाला स्वतःचा वास असतो, तो झाकला गेला."

मी खिशातून कृतीचा कागद काढला आणि त्यांच्यासमोर ती ओळ खोडली. बाईंनी तोवर शुक्रवारच्या यादीत दोन पौंड सुकी सफरचंदं लिहिली होती. शेजारी कंसात, तपकिरी.